सगळंच तपकिरी

३ मार्च, सकाळी ९
आजपासून ही वही. शोध इतिहासात जाणार, तारखा हाताशी हव्यात. रोगट धमनीच्या भिंतीत पेशींना धरून ठेवणारा नवा रिसेप्टर मला सापडला आहे. धमनीच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकायची, ती रिसेप्टरला जाऊन चिकटते; वरून रंग दिला की तेवढी जागा तपकिरी. अकरा पेशंटच्या अकरा धमन्या, सगळ्या तपकिरी. विभागातल्या बाकी विद्वानांच्या हातून आजवर चहाचा डागच काय तो पडला.

५ मार्च
टेक्निशियन बाई विचारत होत्या, निरोगी धमनीचाही एक काप रंगवून बघायचा का. वीस वर्षं काप कापले की अक्कल फुटते वाटतं. मी विचारलं, धडधाकट माणसाला आपण औषध देतो का? काप कापायला परत गेल्या. पटलं असावं.

९ मार्च
परिषदेला भाषणाचा सारांश पाठवला. विभागप्रमुखांना दाखवला नाही, त्यांना कळायला दुसरा जन्म लागेल. बायको म्हणाली, आधी त्या बाईंचं ऐका. हिचा विज्ञानाशी संबंध थर्मामीटरपुरता.

१६ मार्च
फोटो फिके. रंग दुप्पट वेळ ठेवला. झकास! उद्यापासून व्यायाम.

१७ मार्च
बूट चावतात.

२४ मार्च
देखण्या फोटोंसाठी उरलेले सगळे काप संपवले. पेशंट असा तुकडा एकदाच देतात, असं बाई म्हणाल्या. हळव्या माणसांनी लॅबमध्ये येऊ नये.

२ एप्रिल, दुपारी
विभागप्रमुखांनी बोलावलं. टेबलावर दोन स्लाइडी, बाईंनी माझ्याच पद्धतीने, मला न विचारता रंगवलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, ही निरोगी धमनी. आणि या दुसऱ्या स्लाइडवर तर अँटिबॉडी टाकलीच नव्हती."
दोन्ही तपकिरी. म्हणजे दिसत होता तो नुसता रंग. मी मायक्रोस्कोपला दोष दिला.

३ एप्रिल
सारांश मागे घेतला. माझा उदात्त निर्णय. मजकूर विभागप्रमुखांनी सांगितला.

१९ एप्रिल
बाईंनी प्रत्येक पेशंटचा एक तुकडा गुपचूप फ्रीजरमध्ये जपला होता. नीट रंगवल्यावर चार रोगट धमन्यांत रिसेप्टर खरंच निघाला. नवा नाही, पुस्तकातलाच. परिषदेत बाई बोलणार. मला काप कापायला बसवलंय. आज नऊ फाटले. दहावा बाईंनी माझा हात धरून कापला.