उलटा बगळा, पान एकशे बारा

प्रिय चिमणे,

तुझं पुस्तक पोचलं. पोस्टमन ते दोन्ही हातांनी धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, विटा मागवल्यात की काय?" मी म्हटलं, नातीची नोकरी आहे ती, जपून ठेव. आत नेऊन टेबलावर ठेवेपर्यंत मलाच दम लागला. आता ते टेबलाच्या मधोमध आहे आणि मी कडेला बसून जेवते. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी. एवढं जाड पुस्तक घरात पहिल्यांदाच आलं, त्याला कोपऱ्यात सरकवायचा धीर होईना.

तू लिहिलंस, जुने पोलिसी बिल्ले गोळा करणारी माणसं हेच पुस्तक उघडून खरंखोटं ठरवतात. नवीन आवृत्तीसाठी तुम्ही चुका शोधताय, आजोबा बिल्ल्यांच्या कारखान्यात होते, तेव्हा जरा चाळून बघ. चाळून म्हणे. आठ दिवस भिंग घेऊन बसलेय. अक्षराला अक्षर लावून वाचते, एका ओळीत चहा निवतो. पण चित्रं मला वाचावी लागत नाहीत, ती ओळखीची आहेत. आणि आजोबा कारखान्यात होते तशी मीही होते, हे तू विसरलीस. विसरू दे, सगळेच विसरतात. आजोबा ठसे कोरायचे, त्यातून पितळेवर चित्र उठायचं. मी त्या बिल्ल्याच्या मागे कथील वितळवून, डाख देऊन टोपीत खोचायचा आकडा चिकटवायची. बिल्ला टोपीवर छान दिसायचा तो त्यांच्यामुळे आणि टोपीवर टिकायचा तो माझ्यामुळे.

आधी तुझ्या पत्राचं बोलते, नाहीतर राहून जाईल. तीन पानांवर तुझ्या हातून फोटो उलटे लागले, संपादकबाई सगळ्यांदेखत बोलल्या, आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, हे वाचून मला वाईट वाटलं. जेवत जा. उपाशी राहून फोटो सरळ होत नाहीत. टेबल खिडकीपासून हलवून आत घेतलंस तेही वाचलं. पंख्याचं वारं लागतं म्हणतेस, तर बरं केलंस. त्यावर मागाहून बोलू.

आता चुका. पान सत्तेचाळीस काढ. वाटोळी चकती, वर भोक, मध्ये सातचा आकडा. खाली लिहिलंय की हे गुप्त पोलिसांच्या पथकाचं ओळखचिन्ह, आजवर एकच सापडलेलं. अगं, एकच सापडणार, कारण एकच होतं. आमच्या कारखान्यात सात कुलपं होती आणि सातवं कुलूप संडासाचं. त्या किल्लीला लावायची चकती आहे ती. हरवू नये म्हणून आजोबांनी उरलेल्या पितळेतून कापून दिली होती, आणि तरी हरवली. ज्या दिवशी हरवली तो दिवस सगळ्या कारखान्याच्या लक्षात राहिला. ती कुणीतरी मखमलीवर ठेवून फोटो काढलाय. ज्याच्याकडे असेल त्याला हळूहळू सांगा, एकदम नको.

पान त्र्याऐंशी. बिल्ल्यांच्या पाठीवर बारीक ओरखडे आहेत, ती म्हणे तपासनिसांची सांकेतिक खूण. आत्याबाईंची टाचणी आहे ती. आत्याबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, मालकसुद्धा त्यांना आत्याबाईच म्हणायचा. पितळ खरं की हलकं हे बघायला त्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोनतीन बिल्ल्यांवर टाचणी ओढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांचा मालकावर विश्वास नव्हता.

हे सगळं वाचून मी एकटीच हसत होते. मग एकशे बारा आलं, आणि हसू जागीच थांबलं.

त्या पानावर नदीवरच्या पोलिसांचा टोपीचा बिल्ला आहे. लव्हाळ्यात एका पायावर उभा असलेला बगळा. आजोबांनी तो ठसा कोरला तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि खरा बगळा बघायला तीन रविवार नदीकाठी जाऊन चिखलात बसले होते. त्याच्या शेजारी दुसरा फोटो आहे, तोच बगळा पण डोकं खाली, पाय वर. नाव दिलंय "उलटा बगळा, अतिदुर्मीळ". खाली दोन मतं दिलीत. पहिलं असं, की बुडालेल्या सोबत्यांच्या शोकात नदी पोलीस हा बिल्ला घालायचे. दुसरं असं, की ठसे कोरणारा कारागीर दारूच्या नशेत होता, त्याने चूक केली आणि त्याला कामावरून काढून टाकलं.

ती ओळ मी पाच वेळा वाचली. मला वाटलं, मीच अक्षर चुकीचं लावतेय. मग शेजारच्या मिशीवाल्यांना बोलावलं आणि वाचायला लावलं. त्यांनीही तेच वाचलं.

चिमणे, तुझ्या आजोबांनी जन्मात दारू चाखली नाही. खोकल्याचं औषध घेताना तोंड असं करायचे की बघणाऱ्याला खोकला यावा. त्यांना कुणी काढलंही नाही. चौतीस वर्षं त्याच कारखान्यात काम करून, माणसांनी हार घालून त्यांना घरी पाठवलं. आता ते नाहीत. ते खोटं खोडायला स्वतः उठून यायचे नाहीत, आणि आत्याबाई, मुकादम, मालक, सगळे गेले. खरं काय ते माहीत असलेली मी एकटी उरलेय. तर ऐक. समजावून सांगते, कारण हे तुला छापायचंय.

बिल्ल्याची पाठ सपाट असते. पालथा ठेवला की बगळ्याचं डोकं कुठे ते कळत नाही. म्हणून आजोबा ठशातच डोक्याच्या बाजूला एक ठिपका ठेवायचे, तो पाठीवरही उठायचा. आत्याबाई तो ठिपका बघून बारा बिल्ले लाकडी ठोकळ्याच्या बारा खळग्यांत पालथे लावायच्या, सगळी डोकी दाराकडे. मी दाराकडे पाठ करून बसायची. मग डोकी माझ्या बाजूला आली आणि पाय पलीकडे. आकड्याचं टोक पायांकडे हवं, तेच टोपीच्या पट्टीत खोचलं जातं. म्हणजे मला एवढंच ठाऊक असलं की पुरे, टोक माझ्यापासून लांब. ठिपका मी कधी बघितलाच नाही. हाताला सवय होती, हात आपोआप चालायचे आणि तोंड गप्पा मारायला मोकळं.

एके दिवशी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. धूर डोळ्यांत जातो म्हणून. डाखेचा धूर वाईट असतो. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, वारं दारातून येतं. तिकडे बसलीस तर धूर उलट तुझ्याच तोंडावर येईल." मी म्हटलं, येऊ दे. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि माझे हात नेहमीसारखे चालले, टोक माझ्यापासून लांब. फक्त आता लांबच्या बाजूला पाय नव्हते, डोकी होती. बारा ठोकळे, प्रत्येकात बारा. एकशे चव्वेचाळीस बगळे मी एका दिवसात डोक्यावर उभे केले.

गाडी दारात उभी होती, कुणी तपासलं नाही, खोका गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी पोलिसांची मोठ्या साहेबांसमोर कवायत होती. पोलिसांना बिल्ला लावायचा हुकूम होता, कसा ते हुकुमात नव्हतं. टोक खाली जातं तसं त्यांनी लावलं. साहेब पहिल्या रांगेसमोरून गेले, थांबले, आणि मान वाकडी करून वाचल्यासारखे बघायला लागले. मग म्हणे त्यांच्यामागचे दोघेही मान वाकडी करून चालले. संध्याकाळपर्यंत बिल्ले परत आले. एकशे चव्वेचाळीस गेले आणि एकशे पस्तीस आले. नऊ जणांनी ठेवून घेतले, आणि तुमचं दुर्मीळ ते हेच.

मुकादमाने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "कुणाचं काम हे?" मी एकोणीस वर्षांची, घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारी मी. तेवढ्यात दाराशी बसणारा ठसेवाला उठला आणि म्हणाला, "माझं. ठशात ठिपका चुकीच्या बाजूला पडला." तोवर माझं त्याच्याशी धड चार शब्दांचं बोलणं झालेलं नव्हतं. मुकादमाने ठसा मागवलाही नाही. त्याच दिवशी त्याला कोरकामावरून उठवलं आणि एक वर्ष बिल्ले घासायच्या चाकावर बसवलं. असे हात आणि घासायचं काम. ते चाक आतल्या भिंतीशी होतं. दुसऱ्या दिवसापासून धूर बंद झाला आणि मी माझ्या जुन्या जागेवर परत बसले. आत्याबाई मात्र टाचणीने स्वतःचंच बोट टोचून घेईपर्यंत हसल्या.

वर्षभराने आमचं लग्न झालं. मी किती वेळा म्हटलं, मुकादमाला खरं सांगते. आजोबा म्हणायचे, "गप बस. अख्ख्या जन्मात एक चूक माझ्या नावावर आहे, ती तरी राहू दे." मी साठ वर्षं गप्प बसले. पण चूक नावावर राहणं वेगळं आणि दारू नावावर येणं वेगळं.

आता मिशीवाल्यांचं ऐक. ते स्वतः नदी पोलिसातून निवृत्त झालेत, आणि त्या नवातला एक बगळा एका जुन्या शिपायाकडून त्यांच्याकडे आलाय. भिंतीवर, चौकटीत, डोकं खाली. हे मला दहा वर्षं माहीत होतं आणि दहा वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून त्यांच्याकडे चहा प्याले. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मावशी, मी तीस वर्षं नवीन पोरांना त्या शोकाची गोष्ट सांगितली. सांगताना टोपी काढायचो हो." मग म्हणाले, "नातीला कळवायलाच हवं का? कुणाचं काय अडलंय?" मी बोट त्या दारूच्या ओळीवर ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसले. ते उठून गेले. मिशीसुद्धा खाली वळलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. चौकट काखेत. म्हणाले, "रात्री विचार केला. तुमचे यजमान माझ्या पोराच्या लग्नात सरबताचासुद्धा वास घेऊन मग प्याले होते. हे मी लेखी देतो. पोलिसाची साक्ष आहे." आणि खरंच सहीनिशी लिहून दिलंय, सोबत पाठवते. मग चौकट उघडून बिल्ला पालथा केला. आकड्याच्या डाव्या अंगाला डाखेचा एक थेंब जास्त. मी डावखुरी, माझा थेंब नेहमी तिकडे सांडायचा. साठ वर्षांनी बघितला, जसाच्या तसा. शेवटी म्हणतात, "मावशी, आता चौकटीच्या मागे तुमची सही करा. शोकाचे बिल्ले आठ असतील, पण करणारीची सही असलेला माझा एकटाच." मी तिसरीतल्या अक्षरात सही केली. जागा पुरली नाही, शेवटचं अक्षर चौकटीच्या कडेवर चढलंय. त्या थेंबाचा फोटो त्यांनी काढलाय, तोही पाकिटात आहे. तुमच्या संपादकबाईंना पुरावा लागेल.

तर पान एकशे बारावर असं छाप: शोक नव्हता. दारू नव्हती. ठसा बरोबर होता आणि ठसे कोरणाऱ्याची काही चूक नव्हती. आकडे डाखणारी मुलगी त्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. नाव माझं टाक, पूर्ण टाक. ती का बसली ते छापू नकोस, ते फक्त तुझ्यासाठी. धूर नव्हता गं. जुन्या जागेवरून ठसेवाल्याकडे माझी पाठ यायची, आणि नव्या जागेवरून त्याचं तोंड दिसायचं, ठसा कोरताना जीभ जरा बाहेर काढलेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला लग्नानंतर कळलं. आणि नुसती दुरुस्ती कळवायची असती तर मिशीवाल्यांकडून चार ओळी लिहून घेतल्या असत्या; एवढं लांबलचक मी स्वतःच्या हाताने लिहिलं ते तुझ्या टेबलासाठी. तू मागे ऑफिसचा फोटो पाठवला होतास, तो काल भिंगाखाली धरला. पंखा खोलीच्या आतल्या बाजूला आहे, चिमणे. तुझं जुनं टेबल त्याच्यापासून लांब होतं, आणि नवं बरोबर त्याच्याखाली येतं. पंख्याचं वारं लागतं म्हणून पंख्याखाली जाऊन बसणारी आणि मग दिवसभर फोटो उलटे लावणारी मुलगी आपल्याच घरात जन्माला यायची. रडू नकोस, जेव. आणि त्या टेबलावरून समोर कोण दिसतं, एवढं आपल्या आजीला खरं लिही.

एकशे चव्वेचाळीस बगळ्यांची आणि तुझीच,
आजी