बॅटरी काही केल्या चार्ज होईना

३ मार्च, सोमवार
आज दवाखान्याच्या बोटीचं इंजिन चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ म्हणालं. बॅटरी बसली. दोरी ओढून सुरू केलं. काळजीचं काही नाही. सतरा वर्षं किसुमू रोडवर प्रवाशांची मटाटू गाडी चालवलीय, बॅटऱ्या कोळून प्यायलोय. महिनाअखेरीस आमच्या लेकीची, आकेयीची तारीख. पहिलं बाळंतपण. म्फांगानो बेटावरून सरोवरापलीकडे म्बिटाच्या हॉस्पिटलात तिला याच बोटीने न्यायचं. तोवर दुरुस्त म्हणजे दुरुस्त.

५ मार्च
टर्मिनल गरम पाणी आणि सोड्याने घासली. चकाचक. इंजिन चालू ठेवून मीटर लावला : १२.१ व्होल्ट. असायला हवेत चौदा. पेशंटचे नातेवाईक बोटीत फोन चार्जिंगला लावतात, चोर लेकाचे! वायरच कापली. सुकी मासळी विकणारी फिलिस मावशी म्हणाली, तुझ्या बोटीत फोन चार्ज होईस्तोवर माणूस म्हातारा होतो. लक्ष दिलं नाही. मी हळू चालवतो ते पेशंटला धक्के बसू नयेत म्हणून.

८ मार्च, दुपारी
सरोवराच्या ऐन मध्यावर जलपर्णी पंख्यात गुंतली. इंजिन बंद केलं, ती उपटली, चावी फिरवली. टक! दोरी एकवीस वेळा ओढली. वारा सुटला, बोट लाटांना आडवी झाली. दोरी सोडली आणि बाकाला मिठी मारून बसलो. थंडी असावी. भर दुपारी असते कधी कधी. नर्स रिस्पा सिस्टर म्हणाल्या, सरका बाजूला. त्यांच्या तिसऱ्या ओढीला सुरू. माझ्या एकवीस ओढींनी सैल झालं होतं म्हणून. अंगात दोन-दोन लाइफ जॅकेट कशाला, असंही विचारलं. एक दवाखान्याचं, एक घरचं, सांगून टाकलं.

११ मार्च
नवी बॅटरी टाकली होती. तिसऱ्या दिवशी तीही मेली. म्हणजे रेक्टिफायर गेला. इंजिनाची वीज त्याच्यातूनच बॅटरीला पोचते. किसुमूहून मागवला.

१४ मार्च
बसवला. १२.२. डुप्लिकेट माल! बायको पेरेस म्हणाली, आकेयीचे बाबा, पाण्याची भीती वाटत असेल तर सिस्टरना सांगून मोकळे व्हा. मी भडकलो. आजोबा कोळी, वडील कोळी, आणि मला भीती? पोहता येत नाही हे खरं. पण ते गावभर कशाला सांगायचं? बोटवाल्याने बोटीतच राहायचं असतं.

१७ मार्च
बॅटरी वाचावी म्हणून तळातलं पाणी उपसणारा पंप बंद ठेवला. अर्ध्या वाटेवर पाणी घोट्यापर्यंत. आकेयी बसलेली असती तर? जेवण गेलं नाही. पेरेसने मक्याची उगाली तशीच झाकून ठेवली.

२० मार्च
ओलाल मिस्त्रीला बोलावला. त्याने बोट खुंटाला बांधली, इंजिन फुल केलं. मीटर १४.२! मग म्हणाला, तुम्ही चालवता कसे ते दाखवा. मी वेगाची मूठ फिरवली, जेवढी रोज फिरवतो तेवढी. तो हसत हसत वाळूत बसला. म्हणे, काका, एवढ्या हळू चालवल्यावर बॅटरी चार्ज होईल कशी? जी काय थोडी वीज येते ती पंप आणि दिवा खाऊन टाकतात. वल्ह्याने गेलात तरी लवकर पोचाल. जोरात पळवा, दुसरं औषध नाही.
खरंच दुसरं काही नाही का, मी दोनदा विचारलं.

२१ मार्च
एकटाच सरावाला गेलो. फुल वेग. बोटीचं नाक वर उठलं. अकरा सेकंद टिकलो. सुरुवात म्हणून उत्तम.

२२ मार्च
नऊ सेकंद. वारा उलटा होता.

२४ मार्च
आज पेट्रोलची टाकी तपासली. काठावरूनच. मला पाण्याची भीती वाटते. लिहून टाकलं. उद्यापासून नक्की सुधारणा.

२६ मार्च
सकाळी आठला आकेयीला कळा सुरू, चार-पाच दिवस आधीच. चावी. टक. दोरी सिस्टरनीच ओढली. मूठ धरायला मी हात पुढे केला, तो हवेतच राहिला. आकेयीकडे पाहिलं, घामाने निथळत होती. सगळ्यांदेखत म्हणालो, सिस्टर, मला पोहता येत नाही, फार भीती वाटते, तुम्हीच चालवा. त्या म्हणाल्या, अख्ख्या बेटाला माहीत आहे, खाली बसा. मी बोटीच्या तळाशी बसलो, आकेयीचा हात धरला आणि मोठ्याने रडलो. मला अडीच तास लागतात, चाळीस मिनिटांत पोचलो. बॅटरीसुद्धा चार्ज होत आली.
मुलगी झाली. दोघी सुखरूप.
संध्याकाळी वॉर्डात भेटायला गेलो. आकेयीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. म्हणाली, बाबा, बाळंतपणाचं काही नाही, पण तुम्ही हात फार जोरात धरला होता.