शेवटपर्यंत पाहिलेली लाँच

११ नोव्हेंबर १९९८, शारजा
"शेवटपर्यंत कशाला बघत राहिलीस?" अम्मीनं आज पुन्हा विचारलं. कारण माहीत आहे. पण ते उत्तर नव्हे.
अब्बांची मालवाहू लाँच सोमालियाहून तीन आठवड्यांत परत यायची होती. निघून सहा होत आले.

१३ नोव्हें.
शुक्रवार. अम्मी अब्बांचे कपडे पुन्हा धुऊन घड्या घालत होती. धुतलेलेच होते.
कारण लिहून ठेवते. आमच्याकडे कोकणातली रीत. माणूस दर्यावर निघाला की दुवा द्यायची आणि गलबत दिसत असतानाच पाठ फिरवायची. दिसेनासं होईपर्यंत पाहिलं तर दर्या त्याला ठेवून घेतो. अब्बा निघाले त्या दिवशी अम्मी वळली. मी दुर्बीण लावून थांबले. ग्रीकांना पृथ्वी गोल असल्याचं कसं कळलं, हे सातवीच्या मुलींना शिकवायचं होतं. स्वतः पाहून शिकवायचं होतं. आधी लाँचचं पोट गेलं, मग त्यावर रचलेले टायर, शेवटी डोलकाठी. मिनिटंसुद्धा टिपली. घरातली पहिली बी.एस्सी. मी किती खूश होते.

१७ नोव्हें.
धडा घेतला. ग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, तिची कड दर वेळी गोलच. पृथ्वी थाळीसारखी असती तर कधीतरी सावली चपटी पडली असती. मग तारे. दक्षिणेला जावं तसा ध्रुव खाली उतरतो, नवे तारे वर येतात. हे पुस्तकाआधी अब्बांकडून ऐकलेलं. "सोमालियाला ध्रुव पाण्याला टेकायला येतो. तुझ्या ग्रीकांना सांग, या लाँचवर, फुकट दाखवतो."
शेवटी जहाजं. रेश्मानं हात वर केला. "मिस, हाऊ डिड दे नो इट डिडन्ट सिंक?"
"दे केम बॅक," म्हणाले.
पुढचं शिकवता आलं नाही. वाचायला सांगून बसले.

२६ नोव्हें.
मुसफ्फ्याहून भाई आला. तिथल्या वर्कशॉपमधून रजा काढून. लाँचच्या मालकाकडे जाऊन आला. मालक नुसतं इन्शाल्ला म्हणतो. भाई दुसऱ्या लाँचवर खलाशी म्हणून चाललाय, बंदरा-बंदरात विचारत जाईन म्हणतो.
"मास्तरीणबाई, या वेळी धक्क्यावर आलीस तर डोळे घरी ठेवून ये."
स्वतःच हसला. अम्मी म्हणाली, "ती घरातच राहील."

३० नोव्हें.
फळ्यावर उभी रेघ काढली की डोलकाठी. टोक तेवढं. मग तेही नाही. आज खडू तसाच धरून उभी होते, मुली कुजबुजायला लागल्या.
नजरेनं माणूस बुडत नाही. वर्गात हे ठामपणे सांगेन. घरी तोंडातून निघत नाही. म्हणजे मीही रीत मानते? मग पदवी कशा—

८ डिसें.
ग्रीकांचं आणखी एक वाचलं. डोलकाठीवर चढलेल्याला किनारा आधी दिसतो. म्हणजे किनाऱ्यावरून दिसेनाशी झालेली लाँच उंचावरून पुन्हा दिसायला हवी. दिसेलच. हवा स्वच्छ हवी.
वॉचमनकडे गच्चीची किल्ली मागितली. "टीचर, उधर कपड़ा सुखाना मना है।" कपडे नाहीत म्हटलं. विश्वास बसला नाही त्याचा, पण किल्ली दिली.
अम्मी गच्चीवर येईल?

११ डिसें.
भाई सकाळी गेला. मी धक्क्यावर गेलेच. अम्मीनं दुवा दिली, पाठ फिरवली, माझ्याकडे पाहिलं नाही. मी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन पाहत राहिले. पोट गेलं, डोलकाठी उरली. धावत येऊन अम्मीला टॅक्सीत बसवलं. "घरी ना?" "घरीच." लिफ्टनं थेट सातव्या मजल्यावर, मग गच्चीवर.
दुर्बीण तिच्या हातात दिली. बराच वेळ तिनं ती छातीशी धरली.
"अर्धी गेली ना पाण्याखाली?"
"धक्क्यावरून गेलेली दिसते. इथून बघ."
"आणि त्याला काही झालं तर?"
मी बोटानं दिशा दाखवली. तिनं दुर्बीण लावली. किती तरी वेळ शोधत राहिली, मग थांबली.
"अख्खी दिसतेय गं. पाण्यापर्यंत."
थोड्या वेळानं, दुर्बीण न काढताच, "याहून उंच काही आहे का?"
नाही म्हणाले. डोलकाठीचं टोक जाईपर्यंत ती पाहत राहिली. मी तिला वळवलं नाही.