झिनुक कुणाच्या हातून प्यायली

प्रिय शेफाली,

ईदच्या सुट्टीहून ढाक्याला परतल्यापासून कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसले की तुझाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. खरं सांगते, प्रेमानं येत नाही.

नवा फ्रॉक घेऊन केवढ्या उमेदीनं लाँचमधून उतरले होते मी! आणि घरी पाहते तर माझी झिनुक चटईवर चिंधीसारखी पडलेली. सकाळपासून जुलाब, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पिशवी टाकून मी चुलीकडे धावले. उकळून गार केलेलं पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. अम्मानं आपल्या दोघींना एकत्रच शिकवलं होतं ना? चव घेऊन पाहिली, आसवांपेक्षा खारट नव्हतं. माझं काही चुकलं नव्हतं, शेफाली. तरी पोरीनं वाटी ढकलली. मी बळेच पाजलं, तर सगळं माझ्या साडीवर ओकली आणि किंचाळली, “खाला! खाला कुठाय?”

तू तळ्यावर भांडी तशीच टाकून आलीस आणि धाकटी असून मलाच शिकवलंस, “बुबू, ओकली की जरा थांबायचं. मग चमच्या-चमच्यानं द्यायचं.” वाटी तीच, पाणी मी केलेलं, पण तुझ्या मांडीवर बसून ती गुमान प्यायली. शेजारची जमिला चाची दारातूनच म्हणाली, “आई कोण नि मावशी कोण, परक्याला सांगावंच लागेल गं बाई!” जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. तूही हसलीस. ते हसू अजून काळजात रुतलंय.

मग मी म्हटलं, आज अन्न नको, पोटाला विसावा द्या. तू ऐकलंसच नाही. “उपाशी ठेवली तर अंगात जोर कुठून येणार तिच्या?” म्हणालीस आणि कच्चं केळं उकडून मऊ भातात कालवलंस. संध्याकाळी तिला लघवी झाली, रडताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला गं, अल्लाची शपथ. पण ती तुझ्या हातून सावरली, हे काही केल्या गिळता येईना. तिचा बाप सोडून गेला तेव्हा मीच तिला तुझ्या ओटीत घातली होती. तुझा काय दोष? मला सगळं कळतं. कळून जळायचं थोडंच थांबतं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. कारखान्यात पाळणाघर सुरू झालंय, जवळच मी एक खोली घेतलीय. येत्या शुक्रवारी मी झिनुकला कायमची न्यायला येतेय. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी माघार घेतली असती. तिचे कपडे बांधून ठेव. ती कशाला घाबरते, भातात काय घातल्याशिवाय जेवत नाही, ते अब्बांना सांग, ते मला सांगतील. तू मात्र लाँचच्या घाटावर येऊ नकोस. आलीस तर ती माझ्या कडेवर राहायची नाही.

तरीही तुझीच,
राहेला बुबू