तिकीट काढून पाहिलेली बहीण

ऑग्सबुर्ग,
गुरुवार, १९ जुलै २०१८

प्रिय आन्सेल्म,

देव तुम्हा दोघांचं भलं करो. ब्रेमेनला सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला, गुड्रुनच्या गुडघ्याची सूज उतरली हेही कळलं. तिला म्हणावं, नगरभवनातल्या सोनेरी दालनाच्या जिन्याला दोष देऊ नकोस, दोष त्या नव्या सँडलना दे. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुम्ही गेल्यापासून दोनदा पाऊस झाला आणि माझे जिरेनियम आडवे झाले होते, आज पुन्हा उभे राहिलेत.

पापा गेल्यानंतर तू पहिल्यांदाच इकडे आलास, म्हणजे बावीस वर्षांनी. चार दिवस कसे गेले कळलं नाही. स्वतःच्या गावात पर्यटकासारखं फिरायला मजा येते, हे मला या वयात समजलं. सोनेरी दालनात गुड्रुन छत बघता बघता इतकी मागे वाकली की तिथल्या रखवालदाराने खुर्ची आणली. बाहुल्यांच्या संग्रहालयात तू टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाहुलीच्या छोट्या काचपेटीसमोर उभा राहिलास, आणि नाक पुसायला रुमाल काढलास. सर्दी नव्हती तुला. दोन्ही उलरिश चर्चं पाहिल्यावर गुड्रुनने विचारलं, "आमचं प्रोटेस्टंटांचं एवढंसं, आणि तुमचं कॅथलिकांचं शेजारी एवढं मोठं, असं का?" मी म्हटलं, "तुम्ही लोक उशिरा आलात, जागा संपली होती." ती हसली, तेव्हा मला ती खरोखर आवडली. इतकी वर्षं मी उगाच तिच्याबद्दल मनात अढी ठेवून होते.

तर सगळं पाहून झालं. एक जागा राहिली.

शुक्रवारी कालव्याजवळच्या बाकावर गुड्रुन तिचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. "फुगेराय. पाचशे वर्षांपूर्वी एका सावकाराने शहरातल्या गरीब कॅथलिकांसाठी बांधलेली वसाहत. आजही तिथे लोक राहतात. भाडं वर्षाला अठ्ठ्याऐंशी सेंट, आणि सावकाराच्या आत्म्यासाठी रोज तीन प्रार्थना." मग पुस्तक मिटून म्हणाली, "हे तर बघायलाच हवं. आपल्या कॉफीपेक्षा त्यांचं घर स्वस्त."

"नको," तू म्हणालास.

"नको काय? दहा मिनिटांवर आहे."

"पाय दुखतात माझे."

"काल तर घोड्यासारखा चालत होतास."

"काल होते घोड्याचे, आज माझे आहेत. आणि गुड्रुन, लोकांच्या घरात डोकावायला मी सुट्टी काढून आलेलो नाही."

तिने पुस्तक पिशवीत टाकलं. चाळीस वर्षांच्या संसारात तुला तिला असा नकार देताना मी पाहिलं नव्हतं. तुझ्या तर मोज्यांचा रंगही तीच ठरवते. मी घरून सात सबबी पाठ करून आले होते. दुरुस्ती चालू आहे, शुक्रवारी फार गर्दी असते, असं बरंच काही. एकही वापरावी लागली नाही. सुटले म्हणून मी आइस्क्रीम घेतलं, आणि ते हातातच वितळून गेलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी फुगेरायमध्ये राहते, आन्सेल्म. सहा वर्षं झाली.

तुला हे माहीत आहे, हेही मला माहीत आहे. त्याच्याकडे येतेच. पण आधी माझी बाजू ऐक. कोर्बिनियानच्या आजारपणात आमचं नवरा-बायकोचं बटणांचं दुकान गेलं, तो गेला, मग वरचं घरही गेलं. शेवटी पाद्रीबाबांनीच अर्ज आणून दिला. त्यानंतर मी तुला पत्रात लिहिलं, 'जुन्या भागात जागा घेतली आहे, स्वतःचं दार आहे, मागे हातभर बाग आहे, शेजार शांत आहे.' यातला एक शब्द खोटा नाही. दुकानदारीत हे शिकते माणूस: सगळं खरं सांगायचं आणि उसवलेली शिवण आतल्या बाजूला ठेवायची. पत्रं मात्र शेजारच्या रोझिनाच्या भाचीच्या पत्त्यावर मागवत होते. ती खोटेपणाची बाजू.

तुलाच का नाही सांगितलं? तुला आठवत असेल. मी अकरा वर्षांची, तू सात. दीड खोलीत आपण पाच जणं. ममाने फुगेरायचा अर्ज आणला होता, आणि पापांनी तो चुलीत घातला. म्हणाले, "ट्रामच्या ड्रायव्हरने अजून हात टेकलेले नाहीत." पुढचा आठवडाभर तू सूप वाढायचा डाव हातात धरून घरभर तेच वाक्य म्हणत फिरत होतास, आणि मी पोट धरून हसत होते. ममा हसत नव्हती. ती का हसत नव्हती ते मला पासष्टाव्या वर्षी कळलं, अर्जावर सही करताना.

गुरुवारी तुम्हाला कॉफीला नेलं ते घर त्या भाचीचं. ती सुट्टीवर गेली होती. रोझिना म्हणाली, "एका दुपारचा तर प्रश्न आहे, कुणाला काय कळतंय." गुड्रुनने साखर मागितली आणि मी तीन खण उघडले. एकात चमचे, एकात मोजे, एकात मांजराचं खाणं. मांजर तर मी कधी पाळलंच नाही. तेवढ्यात तू म्हणालास, "साखर नकोच, आम्ही दोघांनी सोडली आहे." गुड्रुनने तुझ्याकडे असं पाहिलं की हसूच यायचं. त्याच दिवशी सकाळी तिने गाडीवरचा साखर घातलेला वॉफल खाल्ला होता.

तुला सगळं माहीत आहे, ही माझी खात्री तेव्हा पटली.

कारण मंगळवारी मी तुला पाहिलं होतं. तुमची गाडी बुधवारची, निदान मला तसं सांगितलं होतंस. दुपारी मी खिडकीशी बटाट्याचं सूप पीत बसले होते. इथे खिडकीशी बसलं की कुणी ना कुणी डोकावतंच. काचेला नाक लावतात, हाताचे पंजे डोळ्यांच्या कडेला धरतात. काहींना वाटतं, मी दाखवायला बसवलेली बाई आहे. एकदा एक गृहस्थ थेट आत येऊन माझ्या खाटेची लांबी विचारत होते. मी कुणावर चिडत नाही, चमचा वर करून नमस्कार करते. तोच त्या दिवशी केला. बाहेर करड्या टोपीचा एक म्हातारा होता. त्याने हात बाजूला घेतले, आणि मला कान दिसले. आपल्या घराण्यातले कान लपत नाहीत.

तू टोपी काढलीस. आजवर कुठल्याही पर्यटकाने माझ्या खिडकीसमोर टोपी काढलेली नाही. मग तू निघून गेलास. इथला पत्ता तुला कुणी दिला आणि गुड्रुनला काय सांगून एकटा आलास, ते तुझं तुला ठाऊक. माझं सूप गार झालं आणि मी ते तसंच ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी कारंज्यापाशी तू म्हणालास, "गाडी फार उशिरा आली." मी म्हणाले, "हल्ली गाड्यांचं काही खरं नाही." दोघंही अट्टल खोटारडे.

मी चार दिवस तुझ्यावर रागावले होते, हे तुला सांगायला हवं. दार वाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं? सख्ख्या बहिणीला पाहायला तू फाटकावर तिकीट काढलंस, आन्सेल्म. सूप पिणारी गरीब म्हातारी, प्रवेशशुल्कात समाविष्ट. रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि सकाळी तुमच्याबरोबर हसत सोनेरी दालन पाहिलं.

राग कालव्याजवळ उतरला, तू गुड्रुनला नाही म्हणालास तेव्हा. माझी लाज झाकायला तू बायकोशी भांडलास, स्वतःच्या पायांवर खोटा आळ घेतलास. एवढं माझ्यासाठी कुणी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. पण नंतर वाटलं, झाकण्यासारखं त्या घरात आहे तरी काय? मला तिथे सुख आहे. सकाळी ऊन थेट टेबलावर येतं. रोझिना रोज भांडते आणि रोज केक आणते. प्रार्थना तीनच आहेत, त्या म्हणून होतात तोवर अंडं उकडतं. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी देवाकडे चार शब्द टाकायला मला काही कमीपणा वाटत नाही. दुकानात याहून वाईट गिऱ्हाइकांचं मी भलं चिंतलं आहे. मला लाज घराची नव्हती. डाव घेऊन फिरणाऱ्या त्या सात वर्षांच्या मुलाची होती, आणि तो तर केव्हाच मोठा झालाय.

म्हणून तुझी ही दया मी परत करते आहे. रागाने नाही. ती घरात ठेवली तर दर पत्रात आपल्या दोघांना तिच्याभोवतीच फिरावं लागेल, आणि आपल्याकडे तेवढी वर्षं उरलेली नाहीत.

आठ ऑगस्टला आमचा शांततेचा सण आहे. अख्ख्या देशात फक्त आमच्या शहराला सुट्टी असते. तोवर प्लमही बाजारात येतील, मी केक करीन. तुम्ही दोघं या. गुड्रुनला आधी तूच सांग. ती काय म्हणेल ते म्हणू दे. मग फाटकावर या. खिडकीतल्या माणसाकडून तिकीट घ्यायचं नाही. राहणाऱ्यांच्या पाहुण्यांना ते लागत नाही, पण आपण कुणाचे पाहुणे ते सांगावं लागतं. मागे रांग असेल, शाळेची मुलं असतील, जपानी लोक असतील, गुड्रुन शेजारी उभी असेल. त्या सगळ्यांच्या देखत तुला एवढंच म्हणायचं आहे: "माझी बहीण इथे राहते."

म्हणता येणार नसेल तर तसं लिही. मी वाईट वाटून घेईन, पण तुझ्यावरची माया कमी करणार नाही, आणि पत्रं चालू राहतील. फक्त आता ती माझ्याच पत्त्यावर घाल.

तुझी थोरली बहीण,
वाल्बुर्गा

ओक्सेनगास्से, तळमजला,
फुगेराय, ऑग्सबुर्ग