नाव आधी घ्यायचं

९ जानेवारी १९३८

वेंट! गो चं गोएड काहून होत नाही, वेंट काहून होतं — डॉक्टरीणबाईंना विचारलं. हसल्या. "ऐसाइच है, द्वारका." बरं, ऐसाइच तर ऐसाइच. पाठ करून टाकलं. गो-वेंट, कम-केम, स्लीप-स्लेप्ट. भांडी घासताना, पट्ट्या उकळताना तेच तोंडात.

१२ जानेवारी

आज बाईंनी पक्कं सांगितलं. हैदराबादेला नर्सच्या शिक्षणासाठी माझं नाव धाडतील. पण कोणती बाई कशी झोपली, काय खाल्लं, कुठं दुखलं ही रोजची खबर मला इंग्रजीत तोंडी सांगता आली पाहिजे. त्या मद्रासकडच्या. मराठी येत नाही, हिंदी मोडकी. हिंगोलीच्या या दवाखान्यात त्यांचे कान मी आणि त्यांची जीभही मीच.

बाबांनी धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती, म्हणून एवढं तरी जमतं. बाबा गेले. लेकरू होत नाही म्हणून ह्यांनी दुसरी केली आणि मला वाटेला लावलं. तेव्हापासून इथं आया आहे. आया म्हणून मरायचं नाही. शिकणारच.

१५ जानेवारी

आपण म्हणतो — ती गोधडीखाली शांत झोपली. त्यांचं सगळं उलटं! शी स्लेप्ट क्वाएटली अंडर द ब्लँकेट. म्हणजे — ती झोपली, शांत, खाली गोधडीच्या. बाई बोटं धरून सांगतात, "पहिले कौन. फिर क्या किया. फिर कैसा. फिर किधर." आपल्याकडे सगळं सांगून झाल्यावर माणूस झोपतो, त्यांच्याकडे आधीच. आपला 'खाली' गोधडीच्या मागं येतो, त्यांचा पुढं. डोकं गरगरलं. पण सोडलं नाही.

१६ जानेवारी

'कैसा' आलं की शेवटी ली. स्लोली, सॉफ्टली, क्विकली. खिडकीजवळच्या म्हातारीचं सांगितलं — शी ड्रँक मिल्क स्लोली फ्रॉम द कप. बाई खूश! मग जोरात फास्टली म्हणाले, तर नाही म्हणे. फास्टला ली लागत नाही. तिथंही मनमानी आहेच.

२३ जानेवारी

लिहू की नको? लिहिते.

सेनगावकडून बैलगाडीत एका बाईला आणलं. डोकं फुटलेलं, डावा हात मोडलेला, शुद्ध नाही. गाडीसोबत हे होते. माझेच. इतक्या वर्षांनी समोर. म्हणजे गाडीतली ती माझी सवत, शकुबाई. पहिल्यांदा पाहिली. पोर आहे अजून!

मला ओळखून ते क्षणभर चपापले. मग बाईंना म्हणाले, "पाणी शेंदताना पाय घसरला, विहिरीत पडली." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी एका दमात सांगितलं — शी स्लिप्ड ॲक्सिडेंटली इंटू द वेल. चुकून घसरली, विहिरीत. कौन, क्या, कैसा, किधर — सगळं जागच्या जागी! बाई म्हणाल्या, "गुड." कागदावर तसंच उतरलं.

पट्टी बांधताना गाठ दोनदा सुटली. वाक्य नाही सुटलं.

२४ जानेवारी

शी स्लेप्ट बॅडली. मीसुद्धा.

२६ जानेवारी

शकू शुद्धीवर आली. दुपारी चमच्यानं पेज भरवत होते. "तुमी कोन?" म्हणाली. नाव सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी चमचा धरून तशीच बसले. बऱ्याच वेळानं वळली.

"आक्का, मी पडले न्हाई. ढकललं मला."

"कुणी?"

"त्यांनीच. मलाबी लेकरू न्हाई ना! गोरेगावची पोरगी बघून राहिले. तिचा बाप म्हणतो, घरात सवत असंल तर लेक देनार न्हाई. तुमाला हाकललं, तुमी गेल्या. मी जात न्हवते. बाप घरात घेईना, तर कुठं जाऊ?"

पेज थंड झाली. त्या दिवशीचं माझं वाक्य आठवलं. वाक्य बराबर, गोष्ट खोटी. आणि ती माझ्याच तोंडून गेली.

२७ जानेवारी

मागच्या अंगणात पट्ट्या वाळत घालत होते. ते आले.

"ती काय बोलली तुला?"

मी पुढची पट्टी झटकली.

"डॉक्टरीणीला सांगितलंस तेच राहू दे. तुला घरी नेतो, द्वारके. मानानं नांदवतो."

हे ऐकायला एके काळी मी रोज वाटेकडं डोळे लावून बसायची! आज ते बोलत होते आणि मी त्यांच्या हातांकडं बघत होते. गोरेगावच्या बापाला माझी अडचण नसेल होय? खोटं बोलायलाही नीट वेळ काढला नाही माणसानं.

"पट्ट्या वाळायच्यात," म्हणाले आणि आत आले.

२८ जानेवारी

सांगितलं!

'जानबूझकर'ला काय म्हणतात ते बाईंना सकाळीच विचारून ठेवलं. दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांच्यापुढं उभी राहिले. आपल्याकडे बरं असतं — 'विहिरीत ढकललं' एवढं म्हटलं की झालं, कुणी ते पदराआड ठेवता येतं. तसंच करायला गेले. "शी पुश्ड..."

"शी पुश्ड? किसको?"

"नाही, नाही, तिला. हर. पुश्ड हर."

"हू पुश्ड हर? पहिले कौन, द्वारका!"

 लग्नातला उखाणा सोडला तर ह्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. हाकलून दिल्यावरही नाही. कुणी विचारलं तर दुसऱ्याला सांगायला लावायची. आणि इथं नाव घेतल्याशिवाय वाक्यच सुरू होईना!

"उत्तमराव," म्हणाले. "उत्तमराव पुश्ड हर डेलिबरेटली इंटू द वेल."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा सोपं गेलं. त्यांनी आधीचं खोडलं आणि पोलिसांच्या अमीनाला निरोप धाडला.

३१ जानेवारी

अमीनसाहेब आले. शकूचा बाप रामकिशनही आला होता. खाटेजवळ उकिडवा बसून रडत होता. "लेकी, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेव." उत्तमराव दारात उभे.

शकू छताकडं बघत म्हणाली, "घसरले मी."

अमीनसाहेबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "ये तो सौत है ना इसकी?" शिपाई हसला. संपलं.

संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखी खबर विचारली. मी रागात म्हणाले, शी स्पोक फॉल्सली बिफोर द अमीन. खोटं बोलली. बोलून गेले आणि पटेना. तिचे ओठ कसे पांढरे पडले होते! तो शब्द मागं घेतला. बाईंकडून दुसरा मागून घेतला. शी स्पोक फिअरफुली. घाबरून बोलली. हे खरं.

५ फेब्रुवारी

शकूला गाडीत घालून नेलं. माझ्याकडं पाहिलं नाही तिनं. गाडीत बसल्यावरही नाही.

उत्तमरावांनी वरच्या साहेबांकडं तक्रार केली आहे — या आयेला काढा. बाईंना विचारलं, जाऊ का? "काम करो," म्हणाल्या. आणि हैदराबादेला माझं नाव धाडलं. कालच!

१० फेब्रुवारी

बाजारात बायका मला बघून कुजबुजतात. सवतीवर सूड घेतला म्हणे! सूड घ्यायचा तर गप्प बसले नसते का?

१२ फेब्रुवारी

बिफोर, आफ्टर, बिटवीन, अगेन्स्ट. अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध. हा एकदा सांगितला आणि बसला डोक्यात.

१७ फेब्रुवारी

गोरेगावचा एक रोगी आला. विचारलं. सोयरीक ठरली म्हणतो. तिथी काढायची राहिली. म्हणजे आता शकूला वाटेतून काढणार. तिच्या जिवाचं काय?

२० फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर पायरीवर शकू! सेनगावाहून चालत, एकटी. हात अजून गळ्यात बांधलेला, पाय सोललेले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "अमीनाकडं चला, आक्का. गोरेगावची सोयरीक ठरली, आता मला जित्ती ठेवत न्हाईत. आज मीच बोलते."

भाकरी खाल्ली दोघींनी. निघतोय.