ट्रॉलीच्या छतावरचा फ्लेक्स

दादा,

परवा नागपूरला निघायचंय म्हणून सकाळी जीपमागं जोडायच्या ट्रॉलीच्या छतावर बादलीभर पाणी ओतून बघितलं. थेट आत आईच्या उशीवर गळलं. वर चढून बघते तर रबरी शीटमधून आरपार चार स्क्रू, आन् त्यावर तुझ्या फोटोचा फ्लेक्स. 'धम्मबांधवांचं हार्दिक स्वागत. शुभेच्छुक इंद्रजीतभाऊ.'

ती शीट मी दोन दिवस उन्हात गुडघ्यावर बसून चिकटवली. एक बुडबुडा राहू दिला नाय. रबराला ओरखडा नको म्हणून शिडीच्या टोकांना गोणपाट गुंडाळलं. तेव्हा तुला लई कामं होती. ड्रिल चालवायला बरा वेळ मिळाला.

मागच्या दसऱ्याला जीपमधी तुझी पोरं मावली, आई नाय मावली. ती एसटीनं गेली आन् दीक्षाभूमीवर पावसात भिजत बसली. ही ट्रॉली कशापायी बांधली, ते तुला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मी ठिगळाचं रबर आन् ते चिकटवायचं सोल्युशन आणायला शहागंजला चाललेय. मी येईपर्यंत वर चढू नको. आईची उशी पंख्याखाली वाळत टाक. कशी भिजली म्हणून तिनं विचारलं, तर तू सांग. मी सांगणार नाय.

आभाळ भरलंय, म्हणून स्क्रू काढून तुझा फ्लेक्स उलटा करून भोकांवर बांधलाय. या ट्रॉलीसाठी तुझ्याकडून झालेलं एवढंच काम.

मेघा